आजारपणात जोडीदाराचा हक्क

सूरह रूमच्या 21व्या आयतीत अल्लाहने पती-पत्नीच्या नात्याची गणना आपल्या निशाण्यांमध्ये केली आहे. आकाश आणि पृथ्वीची निर्मिती, माणसांच्या भाषांचे व रंगांचे वैविध्य, रात्रीची झोप, पावसाआधी चमकणारी वीज, अशा महान निशाण्यांच्या रांगेत हे घरातले नाते ठेवले आहे. जोडीदार कशासाठी दिला, याचे कारणही तिथेच सांगितले आहे: त्याच्याजवळ जीवाला सुकून मिळावा. त्यानंतर त्या दोघांमध्ये अल्लाहने काय ठेवले, ते दोन शब्दांत येते. मवद्दत आणि रहमत. म्हणजे प्रेम आणि दया.

ही आयत आपण लग्नपत्रिकेवर हौसेने छापतो. पुढे संसारात दुखणे शिरले, की त्यातला एक शब्द नकळत खोडून टाकतो. काही मुफस्सिरीनांनी असाही अर्थ सांगितला आहे, की मवद्दत तारुण्यासाठी आणि रहमत म्हातारपणासाठी. हा अर्थ आपल्या जागी सुंदर आहे. पण आयतीत हे दोन्ही शब्द 'आणि'ने जोडलेले आहेत, त्यांच्यामध्ये वयाची किंवा तब्येतीची भिंत घातलेली नाही. आपल्या घरांत मात्र ती भिंत उभी राहते. पत्नी अंथरुणाला खिळली, की ती पत्नी न राहता 'पेशंट' होते. पती आजारी पडला, की पत्नीचे सारे बोलणे गोळ्यांच्या वेळा, पथ्य आणि तपासणीच्या तारखा यांपुरते उरते. सेवा चोख होते, दयेत काही उणे पडत नाही. दोघांनी मिळून हसणे तेवढे थांबते, आणि ते थांबणे हीच धार्मिकता आहे असे आजूबाजूच्यांना वाटू लागते.

या विषयावर लिहिण्याचे कारण एक मसला आहे. रत्नागिरीकडच्या एका मुसल्लींनी इशाच्या नमाजनंतर मला तो विचारला. त्यांच्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, दर वेळी साधारण चार तास यंत्राला जोडून पडून राहायचे. पाणी मोजून प्यायचे, कोकणातल्या मे महिन्यातही. दोन वर्षे हेच चालले आहे. दोन वर्षांत ती माउली घर आणि इस्पितळ याखेरीज कुठे गेली नव्हती. एके दिवशी तिनेच म्हटले, की समुद्र पाहावासा वाटतो. रत्नागिरीत राहून समुद्र पाहावासा वाटतो म्हणणे, यातच सारे आले. मग डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी, अंगात जरा त्राण असताना, अस्रनंतर दोघे रिक्षाने भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. सुरूच्या बनात चटई टाकून बसले. खाडीच्या तोंडाशी राजीवड्याच्या होड्या परतत होत्या, त्या पाहत राहिले. तिला शहाळे फार आवडते. पण शहाळ्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडे निकामी असली, की ते रक्तात साठते आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर बेतू शकते. म्हणून नवऱ्यानेही घेतले नाही. तेव्हा ती हटून बसली, "तुम्ही प्या, मी बघते." तो प्यायला, आणि शहाळ्याचे पाणी दाढीवरून सदऱ्यावर सांडले म्हणून ती इतकी हसली, की त्याला भीती वाटली, हिला धाप तर लागणार नाही!

कुणीतरी त्यांना तिथे पाहिले. बातमी घरी पोहोचली. थोरल्या आपा म्हणाल्या, "मौतीची फिक्र करायची, तौबा-इस्तिगफार करायचा, ते सोडून हे काय? लोक काय म्हणतील?" ते बंधू माझ्यासमोर मान खाली घालून बसले होते. "मौलाना, आमच्याकडून गुनाह तर झाला नाही ना?"

मी त्यांना विचारले, "मगरिब चुकली?" ते म्हणाले, "नाही, परत येऊन वेळेत पढलो. तिने खुर्चीवर बसून पढली." मी म्हटले, मग आपांना माझा सलाम सांगा, आणि सांगा की या विषयावर इमामसाहेब सविस्तर लिहिणार आहेत.

सहीह बुखारीत 'किताबुल मर्जा' नावाचा एक भाग आहे, म्हणजे आजारी माणसांविषयीचा ग्रंथभाग. त्यात इमाम बुखारी (रह.) यांनी एका प्रकरणाला असे शीर्षक दिले आहे, की आजारी माणसाने 'मला दुखते आहे' किंवा 'हाय माझे डोके' असे म्हणण्यास मुभा आहे. शीर्षकातच त्यांनी हजरत अय्यूब (अलै.) यांच्या त्या आर्त हाकेचा उल्लेख केला आहे, जी सूरह अंबियामध्ये आली आहे. या एका प्रकरणात ज्या हदीसा त्यांनी एकत्र ठेवल्या, त्यांतल्या दोन आपल्या मसल्यासाठी पुरेशा आहेत.

पहिली हदीस आदरणीय आयेशा (रजि.) यांची. त्यांचे डोके दुखत होते आणि त्या कण्हत होत्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले, की तू माझ्या हयातीत गेलीस तर मी तुझ्यासाठी क्षमेची दुआ करीन. यावर आयेशा (रजि.) यांनी काय उत्तर द्यावे? त्या म्हणाल्या, म्हणजे मी मरावे अशीच आपली इच्छा दिसते. आणि तसे झाले, तर त्याच दिवशी संध्याकाळी आपण दुसऱ्या एखाद्या पत्नीबरोबर असाल! तेव्हा पैगंबर (स.) म्हणाले, की नाही, डोके तर माझेच दुखते आहे. उलेमा सांगतात, की हा प्रसंग त्यांच्या अखेरच्या आजाराच्या सुरुवातीचा आहे. म्हणजे ज्या दुखण्याने पुढे अल्लाहचे प्रेषित या जगातून गेले, त्या दुखण्याच्या उंबरठ्यावर पती-पत्नी एकमेकांची थट्टा करीत आहेत, आणि तीही मरणाच्याच विषयावर. ज्यांना आपल्या रबकडे जाण्याची खात्री आणि ओढ इतर कुणाहीपेक्षा अधिक होती, त्यांच्या घरातले हे आजारपण आहे. त्या घरात मरणाचे नाव घेतल्यावर हसण्याला जागा उरली होती. मग आपल्या घरात ती का उरू नये, हे आपांनी मला समजावून सांगावे.

दुसरी हदीस हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांची आहे. निरोपाच्या हजच्या वेळी, 10 हिजरीमध्ये, ते मक्केत अतिशय आजारी पडले. आपण आता वाचत नाही असे त्यांना वाटले. पैगंबर (स.) त्यांना पाहायला आले, तेव्हा सअद (रजि.) यांनी मालमत्तेचा विषय काढला: मला एकच मुलगी आहे, तर दोन-तृतीयांश संपत्ती सदका करू का? नाही. निम्मी? नाही. एक-तृतीयांश? त्यावर उत्तर मिळाले, की एक-तृतीयांश ठीक, आणि तेही पुष्कळ झाले. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा त्यांना सुस्थितीत ठेवून जाणे चांगले. वारसाहक्काच्या चर्चेत ही हदीस नेहमी सांगितली जाते आणि सांगणारे बहुतेक वेळा इथेच थांबतात. पण तिच्यात पुढे आणखी एक गोष्ट आहे. पैगंबर (स.) यांनी सअद (रजि.) यांना सांगितले, की अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी तुम्ही जे काही खर्च कराल, त्याचा मोबदला तुम्हाला मिळेल, अगदी पत्नीच्या तोंडात जो घास तुम्ही भरवता, त्याचाही.

हे वाक्य लग्नाच्या मेजवानीत सांगितलेले नाही. ते एका मरणासन्न वाटणाऱ्या माणसाच्या उशाशी बसून सांगितलेले आहे. तो माणूस मोठ्या दानाचा विचार करीत होता, आयुष्यभराची कमाई अल्लाहच्या वाटेत द्यायला निघाला होता. त्याचे लक्ष घासाकडे वळवण्यात आले. इमाम नववी (रह.) यांनी या हदीसचे विवरण करताना दाखवून दिले आहे, की पत्नीच्या तोंडात घास देणे ही सामान्यतः लाडाची, करमणुकीची घटका असते, इबादतीपासून सर्वांत दूर वाटणारी, तरीही हेतू शुद्ध असेल तर तिच्यावर सवाब आहे. भाट्याच्या किनाऱ्यावरच्या त्या शहाळ्याला शरीअतच्या तराजूत काय वजन असेल, याचा अंदाज यावरून करावा.

आणि सअद (रजि.) यांचे पुढे काय झाले? ते त्या दुखण्यातून उठले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ जगले. कादिसियाच्या लढाईत मुस्लिम सैन्याचे नेतृत्व त्यांनी केले, कूफा शहर वसवले. ज्यांच्या उशाशी मृत्युपत्राची चर्चा झाली ते जगले, आणि जे त्यांना पाहायला आले होते ते काही महिन्यांतच या जगातून गेले. आयेशा (रजि.) यांच्या डोकेदुखीचेही तेच. आजारी कोण आणि आधी जाणारा कोण, हे आपण रिपोर्टच्या कागदावर पाहून ठरवतो. हा हिशेब अल्लाहने कुणाच्या हाती दिलेला नाही.

आता बाहेर जाण्याविषयी. काही मंडळींची समजूत अशी, की पत्नीशी प्रेमाने वागावे हे खरे, पण ते घराच्या चार भिंतींत. तिला घेऊन मोकळ्या हवेत जाणे हे आजकालचे फॅड आहे. ही मंडळी सुन्नतचा अभ्यास करीत नाहीत, असे मला नम्रपणे म्हणावे लागते. पैगंबर (स.) प्रवासात रात्रीच्या वेळी आयेशा (रजि.) यांच्याबरोबर बोलत बोलत चालत असत, हे बुखारीत आहे. एका सफरीत त्यांनी सोबतच्या लोकांना पुढे जायला सांगितले आणि पत्नीबरोबर धावण्याची शर्यत लावली, त्या वेळी आयेशा (रजि.) जिंकल्या. पुढे केव्हातरी, त्यांचे अंग भरल्यावर, पुन्हा शर्यत झाली तेव्हा पैगंबर (स.) पुढे गेले आणि हसून म्हणाले, की ही त्या वेळची परतफेड. अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मशिदीत भाल्यांचे खेळ करीत होते, तेव्हा त्यांनी आयेशा (रजि.) यांना आपल्या पाठीमागे उभे करून ते खेळ दाखवले आणि त्यांचे मन भरेपर्यंत स्वतः उभे राहिले. मन भरेपर्यंत उभे राहणे, हा शब्दप्रयोग जरा लक्षात घ्यावा. आपण जोडीदाराला कुठे नेतो तेव्हा दहा मिनिटांत घड्याळ पाहू लागतो.

सहीह मुस्लिममधली एक हदीस तर आजारी जोडीदार असलेल्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पैगंबर (स.) यांचा एक इराणी शेजारी रस्सा उत्तम बनवीत असे. त्याने एकदा त्यांना जेवायला बोलावले. त्यांनी आयेशा (रजि.) यांच्याकडे बोट करून विचारले, हीसुद्धा? तो नाही म्हणाला, तर पैगंबर (स.) यांनीही नकार दिला. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा त्याने दोघांनाही बोलावले, तेव्हा दोघे उठून एकापाठोपाठ एक त्याच्या घरी गेले. आपल्याकडे काय होते? एखाद्या घरातली बाई आजारी पडली, की लग्नाची, अकीक्याची दावत फक्त नवऱ्याच्या नावाने येते. "वहिनी काय येणार, त्यांची तब्येत बरी नाही" असे आपणच परस्पर ठरवून टाकतो. तिला यायचे आहे की नाही, हे तिला कुणी विचारीत नाही. आणि नवराही एकटा जाऊन पंगतीला बसतो. तिथे त्याने त्या इराणी शेजाऱ्याला विचारलेला प्रश्न विचारायला हवा होता.

आपांच्या आक्षेपाकडे पुन्हा यायला हवे, कारण तो अगदीच पोकळ नाही. आजार ही अल्लाहकडून आलेली आजमाइश आहे, गुनाह झडण्याची संधी आहे; अशा काळात मन आखिरतकडे वळावे, ही अपेक्षा योग्यच आहे. प्रश्न एवढाच, की सब्र म्हणजे काय? सब्रचा अर्थ चेहरा पाडून बसणे असा कुठल्या किताबात दिला आहे? सब्र म्हणजे अल्लाहच्या निर्णयाविरुद्ध जीभ व मन आवरणे, हरामपासून हात आवरणे आणि फर्जवर टिकून राहणे. हलाल आनंद सोडणे ही सब्रची अट नाही. सूरह आराफच्या 32व्या आयतीत अल्लाहने विचारले आहे, की त्याने आपल्या बंद्यांसाठी काढलेली शोभा आणि चांगल्या वस्तू हराम कुणी केल्या? हा प्रश्न निरोगी माणसांपुरता मर्यादित नाही. हजरत हंजला (रजि.) यांना असे वाटू लागले होते, की पैगंबर (स.) यांच्या मजलिसमध्ये जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर दिसते आणि घरी बायका-मुलांत गेल्यावर ती अवस्था राहत नाही, म्हणजे आपण मुनाफिकच झालो. ते रडत आले. पैगंबर (स.) यांनी त्यांना धीर दिला, की एक घटका अशी असते आणि एक घटका तशी.

हजरत अय्यूब (अलै.) यांचे उदाहरण आजारपणात सारेच देतात. पण त्यांच्या पत्नीचा विषय फार कमी वेळा निघतो. मुफस्सिरीन सांगतात, की त्या दीर्घ आजारात कुठल्याशा कारणाने ते पत्नीवर रागावले आणि बरा झाल्यावर तिला फटके मारीन अशी शपथ घेऊन बसले. ते बरे झाले तेव्हा अल्लाहने त्यांना गवताची जुडी घेऊन तिचा एकदाच स्पर्श करण्यास सांगितले, की शपथही मोडू नये आणि जिने एवढी वर्षे साथ दिली तिला इजाही होऊ नये. सूरह सादच्या 44व्या आयतीत त्या जुडीचा उल्लेख आहे. मला या आयतीत दीर्घ आजाराचे फार खरे चित्र दिसते. दुखणे लांबले, की सर्वांत जवळच्या माणसावरच जीभ घसरते. सलाइन लावणाऱ्या परिचारिकेशी आपण अदबीने बोलतो आणि रात्रभर पाय चेपणाऱ्या पत्नीवर ओरडतो. सेवा करणाराही थकतो, तुटक उत्तरे देऊ लागतो. दोघांत साचलेले हे सारे औषधाच्या खोलीत निवळत नाही. त्यासाठी कधीतरी दोघांनी ती खोली सोडून बाहेर बसावे लागते. त्या मुसल्लींच्या पत्नीने त्यांना परतताना काय सांगितले, ते त्यांनी मला संकोचत सांगितले: "आज दोन तास मला कुणी 'कसं वाटतंय' असं विचारलं नाही."

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, कुणाला रुचो न रुचो. काही दीनदार बंधू पत्नीच्या आजारात मगरिबपासून रात्री उशिरापर्यंत मशिदीत वजीफे पढत बसतात. शिफा अल्लाहच्याच हाती आहे, दुआ जरूर करावी. पण घरी ती बिचारी भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. हजरत सलमान फारसी (रजि.) हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा त्यांची पत्नी साध्या, विटक्या कपड्यांत दिसली, कारण विचारल्यावर ती म्हणाली, की तुमच्या भावाला दुनियेची गरजच उरलेली नाही. सलमान (रजि.) यांनी त्या रात्री अबू दरदा (रजि.) यांना नफलसाठी उठू दिले नाही, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी उठवले, आणि समजावले, की तुझ्या रबचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या जीवाचा आहे, तुझ्या घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याचा हक्क त्याला दे. पैगंबर (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी सलमान खरे बोलले असे सांगितले. फर्ज मशिदीत अदा करून वजीफा तिच्या उशाशी बसून पढता येतो. तिलाही ऐकू येईल.

हक्काची थोरवी पाहायची असेल, तर बद्रकडे पाहावे. 2 हिजरीच्या रमजानमध्ये मुसलमान बद्रकडे निघाले, तेव्हा हजरत उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, पैगंबरकन्या रुकय्या (रजि.), आजारी होत्या. उस्मान (रजि.) यांना पैगंबर (स.) यांनी मदीनेतच त्यांच्यापाशी ठेवले आणि बद्रमध्ये सामील झालेल्याइतकाच सवाब व गनीमतचा वाटाही त्यांना दिला. इस्लामच्या इतिहासातला सर्वांत निर्णायक दिवस, आणि एक सहाबी आजारी पत्नीजवळ बसलेला. त्याचे नाव त्या लढाईच्या मोबदल्यातून वगळले गेले नाही. विजयाची बातमी मदीनेत पोहोचली तेव्हा रुकय्या (रजि.) यांच्या दफनाची वेळ होती, असे सीरतच्या ग्रंथांत आले आहे. उस्मान (रजि.) यांना ते शेवटचे दिवस परत कुठल्या मोहिमेत मिळणार होते?

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. बाहेर पडण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जीव ही अमानत आहे. डायलिसिसच्या रुग्णाने ज्या हातावर फिस्टुला आहे त्या हाताने ओझे उचलू नये, आणि पाण्याचे माप किनाऱ्यावरही तेच ठेवावे. केमोथेरपी चालू असेल तर औषध दिल्यानंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. त्या काळात गर्दी आणि उघड्यावरचे खाणे टाळावे. आजार संसर्गाचा असेल तर दुसऱ्यांना त्रास न होईल अशी काळजी घ्यावी. घरापासून तीन-चार किलोमीटरवर जाण्याला सफर म्हणत नाहीत, तेव्हा नमाज पूर्णच पढावी. रत्नागिरीहून उपचारासाठी मुंबईला जाताना कसर लागू होते. आजाराच्या कारणाने दोन नमाजा एकत्र करण्याबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, तो मसला आपल्या मजहबच्या आलिमांना विचारावा. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना त्यांच्या आजारात पैगंबर (स.) यांनी हेच सांगितले होते. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम. शरीअतने आजारी माणसासाठी इतक्या वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. आपण त्याच्यासाठी घराचे दार तरी मोकळे ठेवावे.

खर्चाची चिंता मी जाणतो. आजाराने घरातली भांडीसुद्धा विकायला लावलेली कुटुंबे माझ्या मशिदीत येतात. त्यांना मी सहलीला जा असे सांगत नाही, आणि यासाठी कर्ज काढणे तर मुळीच योग्य नव्हे. हदीसने माप घासाचे दिले आहे. ज्याला पलंगावरून उठता येत नाही, त्याचा पलंग खिडकीशी सरकवावा, मुलांना दोन तास शेजारी पाठवावे, आणि जवाच्या पिठाचा तलबीना करून दोघांनी एका वाटीतून खावा. आयेशा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आले आहे, की तलबीना आजारी माणसाच्या मनाला आराम देतो. मनाला, हे विशेष. एक विनंती मात्र आहे: त्या दोन तासांत मोबाइल बाजूला ठेवावा. आजारी पत्नीसोबतचा फोटो स्टेटसवर टाकून 'माशाअल्लाह' गोळा करणे हा वेगळाच छंद आहे, आणि त्या घटकेचा इखलास त्यात निसटून जातो.

नातेवाइकांचाही यात वाटा आहे. जिथे पती अंथरुणावर आहे आणि पत्नी सेवा करते, तिथे तिचे बाहेर पडणे तर दुप्पट टीकेचे होते. सासू-सासरे, दीर-नणंदा यांनी एखाद्या दिवशी स्वतः म्हणावे, "आज तुम्ही दोघे जाऊन या, मुलांचे आम्ही पाहतो." कुणाकडे गाडी असेल तर ती द्यावी. आजारी माणसाची भेट घेणे हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क आहे. पण दहा जणांनी येऊन तासभर बसण्यापेक्षा एकाने त्या दोघांना तासभर एकटे सोडणे कधी कधी अधिक उपयोगाचे असते. आपा, हे तुम्हीही करू शकाल. माझी खात्री आहे, की भावजयीवर तुमचा जीव आहे, म्हणूनच तुम्ही घाबरला आहात.

पैगंबर (स.) यांच्या अखेरच्या आजारात इतर पत्नींनी त्यांना आयेशा (रजि.) यांच्या हुजऱ्यात राहण्याची संमती दिली होती. शेवटच्या दिवशी ते आयेशा (रजि.) यांच्या छातीला टेकून होते. त्या वेळी आयेशा (रजि.) यांचे भाऊ अब्दुर्रहमान (रजि.) हातात मिस्वाक घेऊन आत आले. पैगंबर (स.) यांची नजर मिस्वाककडे गेली. बोलण्याचे त्राण नव्हते, पण आयेशा (रजि.) यांना त्यांची आवड ठाऊक होती. त्यांनी विचारले, घेऊ का आपल्यासाठी? त्यांनी मानेने होकार दिला. मिस्वाक कडक होती. आयेशा (रजि.) यांनी ती स्वतः चावून मऊ केली आणि मग त्यांना दिली. पुढे आयुष्यभर त्या अल्लाहच्या आपल्यावरील कृपांची गणना करताना सांगत, की पैगंबर (स.) यांनी माझ्या घरात, माझ्या पाळीच्या दिवशी, माझ्या छातीशी देह ठेवला, आणि त्यांच्या अखेरच्या घडीला अल्लाहने माझी आणि त्यांची लाळ एकत्र केली.